यान्सनचा हेवा

होल्गर यान्सन अमेरिकेतल्या ट्रॉयच्या ऑफिसात पहिल्याच सोमवारी वीस मिनिटं उशिरा आला, आणि मनोहर बिडवईच्या पोटात दुखायला सुरुवात झाली ती तिथपासून.

२००४ सालचा सप्टेंबर होता. मनोहरची कंपनी गाड्यांच्या दारांची लॅच बनवायची. दार लावलं की खट् आवाज करून ते धरून ठेवणारा पोलादी आकडा आणि त्याच्या पोटातल्या स्प्रिंगा, एवढाच तिचा धंदा. त्या उन्हाळ्यात ती एका जर्मन कंपनीनं विकत घेतली आणि आपला एक इंजिनिअर मिशिगनला पाठवून दिला. नऊची मीटिंग होती. मॅनेजर ग्लेन प्रुइट आणि सगळी टीम टेबलाभोवती बसून दाराकडे बघत होती. नऊ वीसला एक उंच, किंचित वाकलेला, विसकटलेल्या केसांचा माणूस आत शिरला.

"जर्मनीशी फोनवर असशील," ग्लेननं त्याची बाजू स्वतःच सावरली.

"नाही," होल्गर म्हणाला. "झोपलो होतो."

सगळं टेबल खो-खो हसलं. "आणि लोक म्हणतात, जर्मनांना विनोद कळत नाही!" ग्लेन डोळे पुसत म्हणाला.

मनोहरही हसला. पण आधल्याच आठवड्यात हायवेवर अपघात झाला होता म्हणून तो चार मिनिटं उशिरा पोचला होता, तेव्हा याच ग्लेननं घड्याळावर बोट आपटून "इंडियन टाइम, मॅनी?" असं विचारलं होतं. तेव्हाही टेबल हसलं होतं. तेव्हाही मनोहर हसला होता.

मनोहर मूळचा अमरावतीचा. नागपूरला इंजिनिअर झाला, अकरा वर्षं पिंपरीच्या एका कारखान्यात काढली आणि शहाण्णव साली बायको उल्का आणि आठ वर्षांची रुचा यांना घेऊन ट्रॉयला आला. कामाला तो वाघ होता. मात्र पहिल्याच वर्षीच्या अप्रेझलमध्ये ग्लेननं लिहिलं होतं: 'ज्ञान उत्तम. बोलणं मात्र कधीकधी उद्धट वाटतं.' तो कागद वाचून मनोहर आठवडाभर घरात कुणाशी धड बोलला नव्हता. मग त्यानं स्वतःला बदलायला घेतलं. ऑफिसला जाताना गाडीत एकटाच वाक्यं घोळवायचा. 'हे चुकलंय' असं म्हणायचं नाही. 'मला वाटतं, कदाचित, आपण याकडे आणखी एकदा बघितलं तर' असं म्हणायचं. आठ वर्षं हे पथ्य पाळून त्याची जीभ इतकी मऊ झाली होती, की अमरावतीला फोन केला की भाऊ विचारायचा, "काय रे, तब्येत बरी नाही का?"

आणि हा यान्सन दुसऱ्याच मीटिंगमध्ये समोरच्या ड्रॉइंगवर बोट ठेवून म्हणाला, "हे चूक आहे." बस, तीन शब्द. ना कदाचित, ना मला वाटतं.

मनोहरनं ग्लेनच्या चेहऱ्याकडे बघितलं. आता पडणार ठिणगी, असं त्याला वाटलं. पण ग्लेनचा चेहरा उजळला होता. "मला हेच आवडतं या लोकांचं," तो म्हणाला. "एक शब्द वाया घालवत नाहीत."

पुढच्या जानेवारीत तर कहर झाला. व्हॅनच्या सरकत्या दाराचं नवं लॅच कोल्ड चेंबरमध्ये, म्हणजे खोलीएवढ्या मोठ्या फ्रीजमध्ये, उणे तीस अंशांवर तपासत होते. थंडीत आतलं ग्रीस घट्ट व्हायचं, स्प्रिंग कमी पडायची आणि आकडा पूर्ण बसायचाच नाही. दार लागल्यासारखं दिसायचं आणि लागलेलं नसायचं. हे मनोहरनं शोधलं होतं. लॅबमधला जुना टेक्निशियन डेल हचिन्स त्याच्याबरोबर तीन दिवस त्या थंडीत उभा होता. मनोहरनं ग्लेनला सहा पानी रिपोर्ट दिला. त्यात सतरा वेळा 'कदाचित' होतं. ग्लेननं चाळला आणि म्हणाला, "आणखी काही टेस्ट करू या, मॅनी. घाईनं निष्कर्ष नको."

तीन आठवड्यांनी होल्गरनं तेच लॅच हातात घेऊन दोनदा खटखट केलं, डेलशी पाच मिनिटं बोलला आणि मीटिंगमध्ये म्हणाला, "स्प्रिंग कमजोर आहे. बदला."

"जर्मन इंजिनिअरिंग!" ग्लेननं टेबलावर थाप मारली. नव्या स्प्रिंगचं सगळं काम त्यानं तिथल्या तिथे होल्गरला देऊन टाकलं.

"अरे, हे मनोहरनं आधीच सांगितलं होतं," डेल मागून बोलला. मनोहरचं नाव पुरं घेणारा ऑफिसातला तोवर तो एकटाच माणूस. मनोहरच्या पहिल्या हिवाळ्यात यानंच त्याला रिकाम्या पार्किंगमध्ये नेऊन बर्फावर गाडी कशी सावरायची ते शिकवलं होतं. पण डेलचं वाक्य कुणाच्या कानावर गेलंच नाही, किंवा गेलं असेल तर थांबलं नाही.

घरी आल्यावर मनोहरनं जेवणाच्या टेबलावर सगळी वाफ काढली. "मी सांगितलं तर आणखी टेस्ट करा. आणि त्यानं सांगितलं तर वा वा! त्याच्या इंग्लिशचं व्याकरण माझ्याहून वाईट आहे. पण त्याचा ॲक्सेंट म्हणजे काय, तर स्मार्ट! आणि माझं बोलणं फोनवर कळत नाही म्हणे!"

"अहो, पण तो बिचारा काय करणार त्याला?" उल्का म्हणाली. "त्यानं थोडंच सांगितलंय त्यांना, माझी स्तुती करा म्हणून."

"बाबा, यू आर जस्ट जेलस," रुचा भात कालवता कालवता म्हणाली. ती आता सोळा वर्षांची होती आणि शाळेत परकी भाषा म्हणून तिनं जर्मनच घेतली होती. का घेतली, असं विचारल्यावर ती म्हणाली होती, "सगळे स्पॅनिश घेतात. जर्मन घेतलं की टीचर्सना वाटतं, शी इज सीरियस."

सोळा वर्षांच्या पोरीनं दोन शब्दांत रोगाचं निदान केलं होतं.

उल्कानंच मग मार्चमध्ये होल्गरला जेवायला बोलावलं. एकटा माणूस आहे, बायको-मुलं तिकडेच आहेत, एवढं कारण तिला पुरेसं होतं. मनोहर साडेसहापासून खिडकीत उभा. होल्गर चाळीस मिनिटं उशिरा आला. "बरं झालं बाई," उल्का हळूच म्हणाली, "माझ्या पुऱ्या राहिल्याच होत्या." म्हणजे घरातही त्याला माफी मिळाली.

जेवण झाल्यावर मनोहरनं खास आणून ठेवलेली बिअर पुढे केली. होल्गर थोडा लाजला. "चहा मिळेल का?"

ग्लेननं त्याला पहिल्याच महिन्यात फ्रँकनमुथला नेलं होतं, म्हणे. मिशिगनमधलं ते गाव जर्मन खेड्यासारखं सजवलेलं आहे. तिथे चामड्याच्या तोकड्या चड्ड्या घातलेले वादक वाजवत होते आणि सगळे होल्गरकडे मोठ्या आशेनं बघत होते, की आता याला घराची आठवण येईल. "मी एम्डेनचा," होल्गर सांगू लागला. "अगदी उत्तरेला, समुद्रकाठी. तसल्या चड्ड्या मी फक्त टीव्हीवर बघितल्यात. आमच्याकडे चहा पितात. कपात आधी खडीसाखर, वर गरम चहा, मग कडेनं साय. ढवळायचं नाही. आणि तीन कप प्यायल्याशिवाय उठायचं नाही."

"खडीसाखर?" उल्का उठलीच. देवघरातल्या डबीतून तिनं खडीसाखर काढली. होल्गरनं तो खडा दिव्यासमोर धरून बघितला आणि त्याचे डोळे चक्क पाणावले. पुढचा तासभर तो आणि रुचा जर्मनमध्ये बोलत होते. ती अडखळली की तो थांबायचा, शब्द पुरवायचा नाही, वाट बघायचा. बोलता बोलता रुचा हसत होती. घरात मराठी बोलायचा आग्रह धरला की हीच मुलगी तोंड वाकडं करून वर निघून जायची. मनोहर सोफ्यावर बसून स्वतःच्याच घरात पाहुण्यासारखा चहा पीत राहिला.

होल्गर गेल्यावर उल्का म्हणाली, "किती साधा आहे हो!"

"हो," मनोहर म्हणाला. साधा होता, हाच तर त्रास होता. तो शिष्ट असता तर मनसोक्त शिव्या देता आल्या असत्या.

चार जुलैला, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, ग्लेनच्या घरामागच्या हिरवळीवर पार्टी होती. शेगडीवर मांस भाजत होतं, मुलं पाण्यात उड्या मारत होती. ग्लेनचे सासरे, ऐंशीच्या घरातले, कॅनव्हासच्या खुर्चीत बसले होते. होल्गरची ओळख करून दिली तसे त्यांनी त्याचा हात हातात धरूनच ठेवला आणि विचारलं, "तुझे आजोबा युद्धात कुठे होते?"

ग्लेन घाईनं म्हणाला, "डॅड, अहो, आजच्या दिवशी..."

"राहू दे," होल्गर म्हणाला. "ते पोलंडमध्ये होते. तिथे त्यांनी काय केलं ते त्यांनी कधी सांगितलं नाही. माझ्या वडिलांनी विचारायला हवं होतं. मीही विचारायला हवं होतं. आम्ही दोघांनीही विचारलं नाही."

म्हाताऱ्यानं त्याचा हात आणखी घट्ट धरला. मग म्हणाला, "मी तुमच्याकडे पायात गोळी खाल्ली. नंतर तीस वर्षं तुमचीच गाडी चालवली. कधी बंद नाही पडली." आणि त्यानं हात सोडला. लोक सुटल्यासारखे हसले. कुणीतरी होल्गरच्या हातात बिअर दिली. ती त्यानं तासभर नुसती धरून ठेवली.

परत येताना उल्का म्हणाली, "काय बाई तरी तो प्रश्न! मला तर कानकोंडं झालं. जन्माच्या आधीच्या गोष्टींचा जाब माणसानं किती दिवस द्यायचा?"

मनोहर गाडी चालवत होता. त्यालाही होल्गरची कीव यायला हवी होती. आलीही, थोडी. पण तिच्या खाली दुसरंच काहीतरी खदखदत होतं, आणि ते उल्काला सांगायची त्याला लाज वाटत होती. त्याचे आजोबाही त्या युद्धात होते. इंग्रजांच्या फौजेतून इटलीत गेले होते, दोन बोटं तिथे ठेवून परत आले होते. त्या म्हाताऱ्याच्याच बाजूनं लढले होते. नऊ वर्षांत या देशात मनोहरला कुणी विचारलं नव्हतं, की तुझे आजोबा कुठे होते. होल्गरवर या लोकांचा जुना राग होता, जुनी प्रीती होती. चांगलं वाईट काहीतरी त्यांना त्याच्याविषयी आधीच ठाऊक होतं. मनोहरला त्या प्रश्नाचासुद्धा हेवा वाटला.

ऑक्टोबरमध्ये नव्या स्प्रिंगचं ड्रॉइंग निघालं. एका शुक्रवारी त्याची एक कॉपी मनोहरच्या टेबलावर आली. सही करायची नव्हती, नुसती माहितीसाठी. मनोहरनं सवयीनं पेन्सिल घेतली आणि एकेक आकडा बघत गेला. स्प्रिंगच्या तारेच्या जाडीवर येऊन तो थांबला. एक पूर्णांक आठ मिलिमीटर.

ही तर जुनी स्प्रिंग! लॅबमध्ये डेलनं जी नवी सँपल्स तपासली, ती पास झाली, त्यांची तार दोन मिलिमीटर होती. मनोहरनं स्वतःच्या मायक्रोमीटरनं मोजली होती. होल्गर ड्रॉइंगवर स्प्रिंगचा नंबर बदलायला विसरला होता. म्हणजे कारखान्यात आता हजारोंनी तीच जुनी, कमजोर स्प्रिंग बसणार.

मनोहरनं आकड्याभोवती गोल केला. शेजारी लिहिलं, '२.० हवं?' आणि पिंपरीपासूनच्या सवयीनं खाली तारीख टाकली. मग तो उठला. होल्गरची खोली वीस पावलांवर होती. काचेतून दिसत होतं, ग्लेन आत टेबलाच्या कोपऱ्यावर बसला होता आणि होल्गरच्या कुठल्याशा बोलण्यावर मान मागे टाकून हसत होता.

मनोहर परत येऊन बसला. माझी सही कुठे मागितलीय, तो मनाशी म्हणाला. मी काय सांगणार? कदाचित, मला वाटतं, आपण आणखी एकदा बघितलं तर? बघू दे की त्यांनाच एकदा, यांचं जर्मन इंजिनिअरिंग. त्यानं कागद खालच्या खणात टाकला आणि घरी गेला. शनिवार-रविवार त्याचा फार मजेत गेला. उल्कासुद्धा म्हणाली, "आज स्वारी खुशीत दिसतेय."

सोमवारी सांगावं, असं मनात आलं होतं. मग मंगळवार आला. मग आता उशीर झाला असं वाटू लागलं, आणि जितका उशीर होत गेला तितकं सांगणं अवघड होत गेलं.

फेब्रुवारीत बॉम्ब फुटला. व्हॅन बनवणाऱ्या कंपनीनं मिशिगनच्या उत्तर टोकाला बर्फात गाड्या चालवून बघितल्या आणि सहापैकी चार गाड्यांची दारं धावताना सरकून उघडली. मागे वाळूच्या गोण्या होत्या, माणसं नव्हती, हे नशीब. चौकशी बसली. मनोहर आतून तयार होता. आता त्या ड्रॉइंगवर होल्गरचं नाव दिसेल, ग्लेनचा चेहरा पडेल.

पण घडलं भलतंच. होल्गर त्या वेळी एम्डेनला होता. त्याची आई अत्यवस्थ होती. ग्लेननं कारखान्यातली लॅच मागवली, ड्रॉइंगशी ताडून बघितली. तंतोतंत जुळली. मग चूक कुठे? लॅबच्या रिपोर्टमध्ये. रिपोर्ट म्हणतो पास, आणि दारं तर उघडतायत. डेलनं रिपोर्टात नुसतं 'नवी स्प्रिंग' असं लिहिलं होतं, जाडी लिहिली नव्हती. सँपल्स नियमाप्रमाणे भंगारात गेली होती. ड्रॉइंग चुकलं असेल, असा प्रश्न एकालाही पडला नाही. ते होल्गरचं होतं ना!

डेल अठ्ठावन्न वर्षांचा होता, सत्तावीस वर्षं तिथे नोकरी झालेली. त्याला बुधवारी घरी पाठवलं. जाताना तो मनोहरच्या टेबलाशी थांबला. "मला शपथेवर आठवतंय, मनोहर, ती पास झाली होती," तो म्हणाला. "पण सगळेच म्हणतायत तर... माझ्या बापालाही साठीच्या आतच सगळं विसरायला झालं होतं."

दगड त्यानं एकाच्या अंगावर ढकलला होता आणि खाली दुसराच सापडला होता.

गुरुवारी सकाळी तो ग्लेनच्या खोलीत गेला. इतक्या वर्षांचं पथ्य त्यानं दाराबाहेर ठेवलं. "ड्रॉइंग चुकलंय," तो म्हणाला. "डेल बरोबर आहे. तार दोनची हवी होती."

ग्लेननं खुर्ची मागे सारली, त्याच्याकडे मायेनं बघितलं. ते बघणं मनोहरला जन्मभर विसरता आलं नाही. "मॅनी," तो म्हणाला, "होल्गर आल्यापासून तुला जड जातंय, हे मला कळतं. सगळ्यांनाच कळतं. डेल तुझा मित्र आहे, तेही ठाऊक आहे. पण त्याला वाचवायला तू होल्गरवर ढकलावंस, आणि तेही त्याची आई मरायला टेकलीय तेव्हा, हे तुला शोभत नाही."

म्हणजे ज्या गोष्टीची त्याला एकट्याला लाज वाटत होती, ती सगळ्या ऑफिसला दिसत होती. आणि आता तो खरं बोलत होता, तर तिच्यामुळेच त्याचं खरं कुणाला पटणार नव्हतं.

एकच पुरावा होता. मनोहर आपल्या टेबलाशी गेला, खालचा खण उघडला आणि तो कागद आणून ग्लेनसमोर ठेवला. पेन्सिलचा गोल, '२.० हवं?' आणि चौदा ऑक्टोबर ही तारीख.

ग्लेननं तारीख वाचली. दोनदा वाचली. "हे तुला ऑक्टोबरपासून माहीत होतं?"

"हो."

"आणि तू गप्प बसलास?"

"हो."

ग्लेननं तिथूनच जर्मनीला फोन लावला, स्पीकरवर. होल्गरचा आवाज दमलेला होता. ग्लेननं फार चाचरत, फार माफी मागत विचारलं. पलीकडे कॉम्प्युटरची बटणं वाजली. मग होल्गर म्हणाला, "माझी चूक. नंबर बदलायचा राहिला. डेलला परत बोलवा. आजच."

ग्लेननं फोन ठेवला. "पाहिलंस?" तो म्हणाला. "सबब नाही, रडगाणं नाही. सरळ स्वतःच्या अंगावर घेतलं. हे लोक असेच असतात." मग त्याला समोर कोण उभं आहे ते आठवलं असावं. "तुझ्याविषयी मला एचआरशी बोलावं लागेल, मॅनी."

मनोहरला हसू आलं आणि रडूही आलं. चूक केली तरी तोच मोठा!

कागदपत्रं पुरी होऊन डेलला निरोप गेला तो सोमवारी, आणि त्याच सकाळी तो परत आला. मनोहरनं त्याला सगळं स्वतः सांगितलं, लॅबमध्ये, उभ्या उभ्या. डेल हातातलं काम थांबवून ऐकत होता. "पाच दिवस मी घरी बसून बायकोला विचारत होतो, मी आणखी काय काय विसरतो म्हणून," तो म्हणाला. "तू ऑफिसात बसलेला होतास." आणि तो पुन्हा कामाला लागला. त्यानंतर जवळजवळ सहा महिने त्यानं जेवणाचा डबा मनोहरच्या टेबलावर आणला नाही. मनोहरच्या फाइलला एक पत्र लागलं. टीम लीडरची जागा त्याच्यासाठी म्हणून दोन वर्षं बोलली जात होती, ती होल्गरला मिळाली.

आईचं सगळं आटोपून होल्गर मार्चमध्ये परतला. पहिल्याच दिवशी थर्मास घेऊन मनोहरच्या टेबलाशी आला आणि खुर्ची ओढून बसला. "का नाही सांगितलंस?"

मनोहरनं ठरवलं होतं, काहीतरी गुळमुळीत बोलायचं. पण समोरचा माणूस वाट बघत बसला होता. रुचा अडखळली की बसायचा तसाच.

"तुझा हेवा वाटत होता," मनोहर म्हणाला. इंग्रजीत तो शब्द शाळकरी पोरासारखा वाटला, पण दुसरा सुचला नाही.

"माझा?" होल्गरला खरंच नवल वाटलं होतं. "ग्लेनला जो जर्मन आवडतो ना, तो मला अजून भेटायचाय. मी गणितात एकदा नापास झालोय. मला सकाळी उठवत नाही. इथे मी काहीही बोललो तरी सगळे माना डोलावतात, कुणी तपासत नाही. तुला ते छान वाटतं. मला त्याची भीती वाटते." त्यानं थर्मासच्या झाकणात चहा ओतला. "ते ड्रॉइंग कुणाला पाठवायचं, त्या यादीत तुझं नाव नव्हतं, मनोहर. मी हातानं घातलं होतं. या बिल्डिंगमध्ये माझं काम तपासेल असा एकच माणूस मला माहीत होता."

होल्गरनं चहा पुढे सरकवला. मनोहरनं तो प्यायला. न पिणं त्याहून अवघड होतं.

यानंतर दोघांची गट्टी जमली असं नाही. होल्गरनं पुढचं प्रत्येक ड्रॉइंग त्याच्याकडे पाठवलं आणि मनोहरनं प्रत्येकावर पेन्सिल चालवून त्याच दिवशी परत केलं, एवढंच. चुका सापडायच्या. होल्गर त्या निमूट दुरुस्त करायचा आणि मीटिंगमध्ये ग्लेन त्याचीच वाहवा करायचा. "हे मनोहरनं पकडलं," होल्गर दर वेळी सांगायचा. "किती मोकळ्या मनाचा आहे बघा," ग्लेन म्हणायचा. मनोहरच्या पोटात तेव्हाही दुखायचं. पण आता कागद खणात जात नव्हता.

त्या सप्टेंबरमध्ये एका दुपारी डेल डबा घेऊन आला, समोर बसला आणि बेसबॉलविषयी बोलू लागला. झाल्या गोष्टीचा त्यानं पुन्हा उच्चार केला नाही.

२००८ च्या वसंतात जर्मन कंपनीनं ट्रॉयचं ऑफिस बंद करायचं ठरवलं. डेलनं निवृत्ती घेतली. ग्लेन ओहायोला गेला. होल्गरला एम्डेनजवळच बदली मिळाली. घरी परत, नोकरीसकट. निरोपाला उल्कानं त्याला खडीसाखरेची पिशवी दिली. तेव्हा रुचा कॉलेजातून सुट्टीवर आली होती. ती त्याच्याशी दारात उभं राहून जर्मनमध्ये इतकं भरभर बोलली, की होल्गरलाच एकदा "पुन्हा सांग" म्हणावं लागलं. मनोहर बाजूला उभा राहून त्याचा हेवा करत होता. या खेपेला घराचा. हाकेच्या अंतरावर आपलं गाव आहे, तिथे लगेच काम आहे, आणि तिथे कुणी त्याला जर्मन म्हणणार नाही.

मनोहर एप्रिलभर नोकरी शोधत हिंडला. गाड्यांच्या धंद्यात सगळीकडे नन्नाचा पाढा होता. शेवटी ग्रँड रॅपिड्सच्या बाजूला हॉस्पिटलच्या खाटा बनवणाऱ्या एका कंपनीनं बोलावलं. समोरची बाई तरुण होती. तिनं त्याचा बायोडेटा उलटसुलट केला, पिंपरीच्या अकरा वर्षांवरून तिची नजर न थांबता घसरली आणि शेवटच्या पानावर येऊन थबकली.

"तुम्ही चार वर्षं जर्मनांबरोबर काम केलंय?" तिचा आवाज एकदम बदलला. "मग विचारायलाच नको. म्हणजे तुम्ही प्रिसाइज असणार."

मनोहरच्या जिभेवर बरंच काही आलं. बाई, त्याच्या ड्रॉइंगमधल्या चुका मी काढत होतो. बाई, तो रोज उशिरा यायचा. बाई, तुम्ही जे पान उलटलंत ना, ते जरा पुन्हा उघडा.

"हो," तो म्हणाला. "फार शिकायला मिळालं."

नोकरी लागली. घरी आल्यावर उल्कानं देवापुढे साखर ठेवली आणि विचारलं, "काय काय विचारलं हो त्यांनी?"

"काही नाही," मनोहर टाय सोडत म्हणाला. "यान्सनची चौकशी केली."